आरएसचा डक्ट, शाडूची माती आणि गच्चीवरचा फायबर

माझी गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 2004 ला आपल्याकडे आली ती, 1.8 टर्बो, 150 हॉर्सपॉवर. आजच्या पोरांना सांगितलं तर हसतात, आणि कन्नमवार नगरच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभी असली की खरंच रिटायर्ड सेडान वाटते, पण तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो चढला की मग बोला.

या गाडीचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणारा छोटा रेडिएटर, समोर मधोमध नाहीये, बंपरमागे उजव्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे खुपसलाय, जेमतेम जाड डिक्शनरीएवढा. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, ती थंड नाही झाली तर इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी मरगळते. बंपरच्या जाळीतून याच्यावर हवा नेणारा एक प्लास्टिकचा डक्ट असतो, त्याचे कान कुठल्यातरी गॅरेजवाल्याने बंपर काढताना तोडले आणि वर झिप टाय मारून दिला, म्हणजे अर्धी हवा बाजूच्या फटीतूनच पळायची. हवा आळशी असते, सोपा रस्ता दिसला की जाळीतून कशाला जाईल.

म्हटलं आपणच बनवू फायबरचा, जरा मोठ्या तोंडाचा. मस्जिद बंदरवरून जीपी म्हणजे साधं पॉलिएस्टर रेझिन, ते घट्ट व्हायला कोबाल्ट आणि हार्डनर, आणि काचतंतूंची 450 ची मॅट आणली. माळ्यावर थर्माकोलचं जुनं मखर पडून होतं, 2018 च्या बंदीच्या आधीचं, त्यातून मस्त आकार कोरला, रेझिन लावलं आणि डोळ्यांदेखत माझा डक्ट खड्डा झाला. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल खातं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, ऐनवेळी आठवलं नाही इतकंच.

मग शाडू. गणपतीत उरलेली माती भिजवली, बंपरच्या जाळीपासून इंटरकूलरच्या तोंडापर्यंत हळूहळू रुंदावत जाणारा आकार केला, एकदम रुंद केला तर हवा भिंत सोडून आतच घुमत बसते. माती ओली असली की रेझिन नीट धरत नाही म्हणून दोन दिवस सुकवली, वरून पॅकिंगची ब्राउन टेप आणि त्यावर मेणाचं पॉलिश.

आता जे कोणी हे घरी करणार असाल त्यांनी एवढं तरी वाचा, कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडू शकतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट, चांगलं ढवळायचं, मग शेवटी हार्डनर, आणि डोळ्यांना गॉगल हवाच. मी मेडिकलमधून सिरिंज आणली, 200 ग्रॅम रेझिनला 3 मिली हार्डनर, तरी मे महिन्यात गच्चीवर दहा मिनिटांत जेली. पहिल्या कपात अंदाजाने ओतलं होतं, तो कप हातात धरवेना इतका तापला आणि धूर सोडायला लागला. ब्रश ओढायचा नाही, टोचत जायचं, मॅटचा पांढरेपणा गेला की बुडबुडे गेले. आणि थर अर्धवट सुकलेल्या पापडासारखा झाला की तेव्हाच कटरने कडा कापून घ्यायच्या, नंतर ग्राइंडर लागतो आणि मग ती काचेची धूळ. मी एक बाजू विसरलो, ग्राइंडर फिरवला, दोन दिवस हात खाजवत होतो. आई म्हणाली, "अरे, हजाराचं काम गॅरेजमध्ये टाकायचं सोडून हे काय आरंभलंयस?" हजारात कोण करणार होतं पण.

वासाचं तर विचारू नका. सेक्रेटरी काका वर आले, नाकाला रुमाल, "हे काय शिजवताय?"

रविवारी पहाटे ईस्टर्न फ्रीवेवर टेस्ट, चेंबूरहून ऑरेंज गेट, सरळ 80 वर, स्कॅनर लावून. बाहेर 29, जुन्या डक्टला इनटेक, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, 47 दाखवायचा, नवीनला 43. एवढ्या घोळासाठी चार डिग्री! चडफडत जॅक लावून चाक काढलं तर लक्षात आलं, इंटरकूलरच्या मागे चाकाचा लायनर, म्हणजे चाकावरचं प्लास्टिकचं अस्तर, सपाट बंद, हवा आत येऊन जाणार कुठे? सगळे जण तोंड मोठं करत बसतात, मीही तेच केलं. लायनरला इंटरकूलरच्या मागे आडव्या फटी पाडल्या, मागच्या बाजूला झुकलेल्या, चाकाचा चिखल थेट आत उडू नये म्हणून. पुढच्या रविवारी 38. या फटींना खर्च शून्य, वेळ अर्धा तास.

आणि हो, घाटकोपरच्या सिग्नलला उभं राहिलं की इनटेक अजूनही 60 च्या वर जातो, डक्ट कसलाही असो, गाडी हललीच नाही तर वारा कुठून येणार. पावसाचं विचारणाऱ्यांसाठी, इंटरकूलर आतून बंद असतो, डक्टमधून पाणी इंजिनात जात नाही. पिशव्या मात्र अडकतात, त्यासाठी तोंडावर जाळी ठोकायची आहे.

अर्धा किलो रेझिन उरलंय. सेक्रेटरी काकांनी परवा जिन्यात गाठलं, मी म्हटलं आता नोटीस. तर म्हणे, "गच्चीवरच्या टाकीचं झाकण तडकलंय, तुझं ते शिजवलेलं लागेल का त्याला?"