जुने सेशन आर्काइव्ह करताना: ठाण्यातल्या एका छोट्या स्टुडिओचं काम

२ टीबीच्या डिस्कवर ४० जीबी जागा उरली, तेव्हा जुनी सेशन (एकेका रेकॉर्डिंगचं अख्खं प्रोजेक्ट) दुसरीकडे जपून ठेवायचं काम हातात घेतलं. भावगीतं, नाटकांचं पार्श्वसंगीत, ऑडिओबुकं, सगळं एकाच डिस्कवर. नुसतं कॉपी-पेस्ट करायचं तर एक रात्र पुरली असती. माझे पाच शनिवार-रविवार गेले, कारण वेळ कॉपी करण्यात जात नाही, कॉपी करण्यालायक फोल्डर तयार करण्यात जातो.

पहिली भानगड बाहेरच्या फाइल्सची. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगसाठी मी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो. ढोलकीचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) डेस्कटॉपवरून ओढून टाइमलाइनवर टाकला, की सेटिंगप्रमाणे तो बऱ्याचदा तिथेच राहतो, सेशन फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या फाइलचा पत्ता सापेक्ष असतो, बाहेरच्या फाइलचा मात्र ड्राइव्हच्या अक्षरासकट पूर्ण लिहिलेला असतो. त्यामुळे कॉपी केलेलं सेशन त्याच मशीनवर उघडलं तर सगळं नीट वाजतं, कारण लूप अजून डेस्कटॉपवरच असतो; दुसऱ्या मशीनवर मात्र तो सापडत नाही. यावर उपाय म्हणजे 'सेव्ह प्रोजेक्ट अ‍ॅज'मध्ये सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याच्या खुणेवर टिक करायची. प्रो टूल्स या सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'सेव्ह कॉपी इन' करतं (ऑडिओ फाइल्सवर टिक हवी), एबलटनमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह'. नंतर मूळ डिस्क काढून ठेवायची आणि कॉपी दुसऱ्याच लॅपटॉपवर उघडायची. माझी पहिली दहा सेशन अशी उघडली, तर तिघांत फाइल सापडत नसल्याची खिडकी आली.

जागा वाचवायला रीपरमध्ये प्रोजेक्टचं फोल्डर साफ करण्याची सोय आहे. ती जपून वापरा. 'न वापरलेली फाइल' म्हणजे सध्या उघड्या असलेल्या सेशनमध्ये न वापरलेली. त्याच फोल्डरमध्ये गाण्याचं जुनं व्हर्जन असेल, तर त्यातला टेकही (रेकॉर्ड केलेली खेप) यादीत येतो. मी आधी जुनी व्हर्जन वेगळ्या फोल्डरमध्ये मीडियासकट सेव्ह केली, मगच साफसफाई. वेव्हफॉर्मच्या चित्रांच्या फाइल्स मात्र खुशाल उडवा, त्या पुन्हा तयार होतात.

आता नावांचा घोळ. एका ट्रॅकचं नाव होतं 'दुसऱ्या अंतऱ्याचा कोरस'. युनिकोडमध्ये हा ऱ दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. मॅकची जुनी 'मॅक ओएस एक्स्टेंडेड' डिस्क नावाचे तुकडे करून साठवते. तिथे झिप केलेलं फोल्डर विंडोजवर उघडलं, तर फाइलचं नाव डोळ्यांना तेच दिसतं, पण रीपर म्हणतो फाइल नाही. अर्धा तास मी ते नाव टक लावून बघत होतो! आता पडद्यावर ट्रॅकचं नाव काय हवं ते मराठीत लिहा, डिस्कवर फाइलचं नाव रोमन लिपीत, स्पेस न देता. पाथही आखूड ठेवा, विंडोजवरची बरीच सॉफ्टवेअर २६० अक्षरांच्या पुढे अडखळतात.

एवढं करूनही सेशन दहा वर्षांनी उघडेल याची खात्री नाही. २०१९ च्या मॅक ओएस कॅटलिनापासून जुने ३२-बिट प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचे इफेक्ट आणि वाद्यं) चालतच नाहीत. म्हणून प्रत्येक गाण्याचे दोन संच बाउन्स केले, म्हणजे साध्या ऑडिओ फाइल्स म्हणून बाहेर काढले. एक, कापाकापी आणि ट्यूनिंग झालेले पण इफेक्ट नसलेले ट्रॅक. दोन, इफेक्टसकट स्टेम (गटागटाने एकत्र केलेले ट्रॅक). सगळे प्रोजेक्टच्या शून्यापासून सुरू, शेवटी रिव्हर्ब विरायला ५ सेकंद जादा. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकले की एका रेषेत बसतात.

फॉरमॅट ३२-बिट फ्लोट वेव्ह. मिक्समध्ये एखादा ट्रॅक शून्य डीबीच्या वर गेलेला असतो आणि पुढच्या फेडरने खाली आणलेला असतो. तो २४-बिटमध्ये बाउन्स केला की कायमचा क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं कापली जाऊन आवाज फाटतो. ४८ किलोहर्ट्झला फ्लोटचा मोनो ट्रॅक मिनिटाला ११.५ एमबी घेतो, २४-बिटचा ८.६ एमबी. २४ मोनो ट्रॅकचं ५ मिनिटांचं गाणं म्हणजे साधारण १.४ जीबी. ऑडिओबुकचं कच्चं वाचन २४-बिटच आहे, ते फ्लॅकमध्ये (आवाजाला धक्का न लावता फाइल लहान करणारा फॉरमॅट) ठेवलं. फ्लॅक फ्लोट घेत नाही, पण मूळ आवाजाचा चेकसम (पडताळणीचा आकडा) स्वतःच्या पोटात ठेवतो, त्यामुळे फाइल बिघडली तर तपासताना कळतं.

स्टेम बरोबर आहेत का? सगळे एकत्र वाजवायचे, मूळ मिक्सची फेज उलटी करून तो त्यावर टाकायचा, म्हणजे दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खोडतात. शांतता आली तर झालं. कोरस इफेक्टची किंवा फिरत्या रिव्हर्बची बारीक सळसळ उरली तर चालेल. गायकाचा आवाज ऐकू आला तर काहीतरी चुकलंय. बहुतेक वेळा मास्टरवरचा (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या चॅनेलवरचा) कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबणारा इफेक्ट, चालू असतो. तो एकेका स्टेमवर वेगळा दाबतो आणि पूर्ण मिक्सवर वेगळा. म्हणून मास्टर चेन बंद करून मिक्सची आणखी एक प्रत घेतली.

फोल्डरमध्ये एक साधी टेक्स्ट फाइल: सॉफ्टवेअरचं व्हर्जन, प्लगइनची यादी, गायक-वादकांची नावं, पट्टी (काळी दोन), ठेका, टेम्पो आणि पेटी ४४० हर्ट्झला होती की ४४२ ला. हे शेवटचं लिहून ठेवलं नाही, तर उद्या बासरी डब करायला बोलावल्यावर अंदाजाने सूर लावत बसावं लागतं. टेम्पो बदलत असेल तर त्याची नोंद असलेली मिडी फाइलही.

मग दोन ४ टीबीच्या हार्ड डिस्क, मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांच्या. एसएसडी घेतली नाही, ती विजेशिवाय वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. टेराकॉपी या कॉपी करण्याच्या सॉफ्टवेअरने व्हेरिफाय लावून कॉपी केली आणि प्रत्येक फोल्डरची एसएचए-२५६ ची (प्रत्येक फाइलच्या आतल्या बिटांवरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याची) यादी त्यातच ठेवली. फाइलचा आकार जुळणं हा पुरावा नव्हे, आतले बिट बिघडूनही आकार तोच राहतो. डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटमध्ये केली. एक्सफॅट मॅकवरही लिहिता येतं, पण त्यात जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं. पावसात लाइट गेली आणि कॉपी अर्धवट राहिली तर सगळी डिरेक्टरीच गोंधळण्याची भीती.

एक डिस्क ठाण्यात, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह. दुसरी वाशीला, ताईकडे चौथ्या मजल्यावर. २६ जुलै २००५ पाहिलेल्या माणसाला तळमजल्यावर डिस्क ठेवा असं कोणी सांगू नये. क्लाउडवर फक्त स्टेम आणि फायनल मास्टर, ४०० जीबी. ५० एमबीपीएस अपलोडला हिशेबाने १८ तास, प्रत्यक्षात तीन रात्री लागल्या. सिंक होणारं फोल्डर यासाठी धरू नका, इकडे डिलीट झालं की तिकडेही होतं.

दर सहा महिन्यांनी ठाण्याची डिस्क ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जाते, तिथली इकडे येते, आणि आलेल्या डिस्कवर एसएचएची यादी रात्रभर चालवतो. गेल्या खेपेला एका फोल्डरमधल्या दोन फाइल्स जुळल्या नाहीत. दुसऱ्या डिस्कवरून परत आणल्या, आणि ती डिस्क आता बदलायच्या यादीत आहे.