अडीच किलोचा आंबा

शाळेच्या या स्मरणिकेत स्नेहसंमेलन, कबड्डीचा संघ आणि कुणकेश्वरची सहल यांवर बाकीचे भरभरून लिहितीलच. मी आपला संगणकाच्या खोलीवर लिहितो. खोली कसली, प्रयोगशाळेमागची पडवी. पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी यायची आणि वीज आली तर आली.

‘बेसिक’ ही संगणकाची भाषा शिकवायचे गणिताचे सर. देवगडात उदाहरण आंब्याचंच असणार! फळाचं वजन विचारायचं आणि ते चार डझनी पेटीत जाईल की पाच डझनी ते सांगायचं, एवढाच प्रोग्रॅम. अडीचशे ग्रॅम आणि त्यावरचं फळ चार डझनीत, असं वर्गात ठरलं. फळ्यावर दोन ओळी आल्या. पहिलीत इनपुट, म्हणजे वजन विचारणं, दुसरीत इफ, वजन > २५०, देन ४, एल्स ५, म्हणजे वजन २५० पेक्षा जास्त असेल तर ४, नाहीतर ५. आम्ही २६० टाकलं, २३० टाकलं. उत्तरं बरोबर आली, वर्ग खूश. सर म्हणाले, “आणि शिवेवरचो आकडो कोण घालतलो, तुझो आजो?” २५० टाकलं तर पडद्यावर ५. चिन्ह >= हवं होतं, म्हणजे ‘तेवढं किंवा जास्त’. तेव्हापासून कुठलीही अट लिहिली की शिवेच्या अलीकडचा, पलीकडचा आणि नेमका शिवेवरचा असे तीन आकडे टाकून दाखवायचे, त्याशिवाय वहीवर सही नाही.

मग सर आम्हालाच गिऱ्हाईक करायचे आणि वाटेल ते टाइप करायला लावायचे. एकाने ‘२५० ग्रॅम’ असं लिहिलं, तर मशीन म्हणालं, ‘रिडू फ्रॉम स्टार्ट’, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून टाका. दुसऱ्याने २५००, एक शून्य जास्त. मशीनने निमूट चार डझनी पेटी सांगितली. “अडीच किलोचो आंबो? फणस काय रे तो!” उणे पाच ग्रॅमचं फळही पाच डझनीत गेलं. तुलना बरोबर होती, पण वजन खरं वाटतंय का हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. मग पेटीच्या अटीच्या आधी आणखी एक ओळ आली: ५० पेक्षा कमी किंवा ६०० पेक्षा जास्त असेल तर पुन्हा विचार.

‘रिडू’ची कटकट नको म्हणून आमच्यातल्या एका चलाखाने चलाच्या, म्हणजे ज्यात वजन साठवायचं त्याच्या, नावापुढे $ लावलं. आता वजन म्हणजे मजकूर, काहीही टाइप करा, तक्रार नाही. तुलनेतही त्याने “२५०” अवतरणात टाकलं. झालं, ९० ग्रॅमचं फळ चार डझनीत! मजकुराची तुलना अक्षरागणिक होते. ९ हा २ पेक्षा मोठा, की संपलं. सरांनी ‘व्हॅल’ शिकवलं ते त्या दिवशी. ते ‘२५० ग्रॅम’मधून २५० काढतं, पण ‘अडीचशे’चं शून्य करतं, आणि ते शून्य आमच्या ५० च्या ओळीत अडकायचं. ही जोडी जमली तेव्हा सर खरोखर हसले. एरवी हसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मी आता विम्याच्या अर्जांचं सॉफ्टवेअर लिहितो. जन्मतारखेत लोक काय काय भरतात, त्यावर वेगळी स्मरणिका निघेल.

आता शाळेत पायथन आहे असं कळलं. त्याच्या आजच्या आवृत्तीत, पायथन ३ मध्ये, इनपुटमधून नेहमी मजकूरच येतो, आकडा टाइप केला तरी. तो तसाच २५० पेक्षा मोठा आहे का असं विचारलं तर पायथन ३ सरळ चूक दाखवून थांबतं. जुनं पायथन २ गुपचूप काहीतरी उत्तर द्यायचं, ते जास्त वाईट. ‘इंट’मधून काढलं की आकडा मिळतो, आणि गंमत म्हणजे देवनागरीत ‘२५०’ लिहिलं तरी चालतं. ‘अडीचशे’ अजून चालत नाही.