लघवीच्या घाईवर कातडीला लावायचं जेल: चाचणीतला माझा अनुभव

लघवीची जोराची घाई लागते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत कपडे ओले होतात. या त्रासावर ऑक्सिब्युटिनिन हे जुनं औषध आहे, अमेरिकेत त्याच्या गोळ्या १९७५ पासून मिळतात. गोळीने मूत्राशयाचा स्नायू शांत होतो, पण तोंडाला इतकी कोरड पडते की पुष्कळ जण ती मध्येच सोडतात. गोळी आतड्यातून यकृतात जाते आणि तिथे औषधाचा बराच भाग बदलून दुसरंच रसायन तयार होतं. तोंड कोरडं पडण्याचा दोष मुख्यतः त्याच्याकडे जातो. औषध कातडीतून थेट रक्तात गेलं की ते कमी तयार होतं. म्हणून २००३ मध्ये चिकटवायची पट्टी आली, पण तिच्या जागी बऱ्याच जणांना खाज सुटायची. त्यानंतरचा प्रयत्न म्हणजे जेल. अमेरिकेत झालेल्या त्याच्या चाचणीत मी भाग घेतला.

प्रवेशाची अट साधी होती: दिवसाला किमान आठ वेळा लघवी आणि तीन दिवसांत सरासरी चार किंवा जास्त वेळा गळती. गळती घाईमुळेच व्हायला हवी. खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना होणारी गळती वेगळी, तिथे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात आणि हे औषध त्यावर काही करत नाही. लघवीत जंतुसंसर्ग नाही ना, हे तपासतात, कारण संसर्गानेही अशीच घाई लागते. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली तेही सोनोग्राफीने पाहतात. जिथे आधीच लघवी तुंबते तिथे स्नायू आणखी ढिला करणं धोक्याचं. काचबिंदूबद्दलही नीट विचारतात: डोळ्यातला द्रव वाहून जायचा कोन अरुंद असलेला आणि आटोक्यात नसलेला काचबिंदू असेल तर हे औषध चालत नाही.

मग नोंदवही. माझ्या मते सगळी चाचणी या वहीवर उभी असते. सलग तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ, घाई होती का, कपडे किंवा पॅड ओलं झालं का, हे लिहायचं आणि कमोडवर बसणाऱ्या मोजपात्रात लघवी मिलिलिटरमध्ये मोजायची. इथेच सगळ्यात जास्त गफलत होते. रात्री जेवणानंतर आठवून लिहिलं की दुपारच्या दोन नोंदी हमखास राहून जातात. थोडेसेच थेंब गेले म्हणून ते सोडून देणं हीसुद्धा चूक. आपल्या बायका तर हे घरात कुणाला सांगत नाहीत, मग कागदावर तरी कशाला कमी दाखवायचं? नोंदीच्या दिवशी चहा-कॉफी मुद्दाम कमी केली तर आकडा सुधारतो, पण तो औषधाचा नसतो.

जेलची मात्रा रोज सकाळी एक पाऊच. त्यात १ ग्रॅम जेल, म्हणजे १०० मिलिग्रॅम औषध. त्यातलं रक्तात पोचतं ते दिवसाला जेमतेम ४ मिलिग्रॅम, बाकी कातडीच्या बाहेरच राहतं. पोट, मांडी, दंड किंवा खांदा यांपैकी एक जागा घ्यायची आणि लागोपाठ दोन दिवस तीच वापरायची नाही. सौम्य साबणाने धुऊन पूर्ण कोरडी झालेली, न खरचटलेली, नुकतेच केस न काढलेली कातडी हवी. हलक्या हाताने पसरून वाळेपर्यंत चोळायचं आणि लगेच हात साबणाने धुवायचे, नाहीतर तेच बोट डोळ्याला लागतं. जेलमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे वाळेपर्यंत गॅस, निरांजन, सिगारेट यांपासून लांब. आंघोळ, पोहणं किंवा घाम येईल असं काम पुढचा तासभर नको. जागा कपड्याने झाकणंही गरजेचं आहे: उघड्या जागेला दुसऱ्याची कातडी घासली तर औषध त्याच्या अंगात जातं. नातवंडाला उचलून घेणाऱ्याने हे विसरू नये.

रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायला आठवडाभर लागतो. दोन दिवसांत फरक नाही म्हणून जास्त लावणं किंवा सोडून देणं, दोन्ही चूक.

चाचणी १२ आठवड्यांची होती. ७८९ जणांपैकी ३८९ जणांना खरं जेल आणि ४०० जणांना औषध नसलेलं तसंच दिसणारं जेल मिळालं. कुणाला कोणतं, ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. निकाल आला तेव्हा खऱ्या जेलवाल्यांची गळती दिवसाला सरासरी ३.० वेळांनी कमी झाली होती आणि औषध नसलेल्या जेलवाल्यांची २.५ वेळांनी. म्हणजे वही लिहिणं, वेळेवर बाथरूमला जाणं, कुणीतरी आपली विचारपूस करणं यानेच मोठा फरक पडतो आणि औषधाचा स्वतःचा वाटा त्यावर दिवसाला ०.५ वेळेचा. हा फरक लहान आहे, पण रोज अनेकदा कपडे बदलावे लागणाऱ्या माणसाला तो नक्की जाणवतो, असं मला मनापासून वाटतं. तोंड कोरडं पडलं ते खऱ्या जेलच्या ६.९ टक्के लोकांना, दुसऱ्या गटात २.८ टक्के. लावलेल्या जागी त्रास ५.४ टक्के विरुद्ध १.० टक्का. जानेवारी २००९ मध्ये या जेलला अमेरिकेत मंजुरी मिळाली.

कातडीतून दिलं तरी औषध तेच असतं: बद्धकोष्ठ, धूसर दिसणं, झोपाळलेपणा होऊ शकतो आणि उन्हात घाम कमी आल्याने अंग तापतं. सर्दीच्या किंवा झोपेच्या ज्या गोळ्यांनी तोंड सुकतं, त्या याच्यासोबत घेतल्या की परिणाम एकमेकांत मिळतात आणि वयस्कर माणसाला गोंधळल्यासारखं होतं. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेली सगळी औषधं, दुकानातून स्वतः आणलेली धरून, पिशवीत घालून न्यावीत आणि सोबत तीन दिवसांची वही.