मिरी, सिप्रो आणि ९६ खळगे

एमएस्सीच्या शेवटच्या सत्रात मी प्रोजेक्टला काळी मिरी घेतली. सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकला न जुमानणारे काही स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतू आत शिरलेलं औषध नॉरए नावाच्या पंपानं बाहेर फेकतात. मिरीतलं तिखट द्रव्य पायपरीन सिप्रोचा जोर वाढवतं, असं जम्मूच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं होतं. मला वाटलं, दोन महिन्यांचं काम.

अर्क काढणं सोपं गेलं. ५० ग्रॅम मिरपूड, इथेनॉल, सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणावर दिवसभर. लॅबमधले सगळे शिंकून बेजार. शेवटी उरला काळपट हिरवा, चिकट लगदा. तो पाण्यात विरघळेना, म्हणून डीएमएसओ या द्रावकात घेतला.

मग चेकरबोर्ड, म्हणजे दोन औषधं जोडीनं तपासायची पद्धत. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये आडव्या दिशेनं सिप्रो निम्मं निम्मं करत न्यायचं, उभ्या दिशेनं अर्क. प्रत्येक खळग्यात जंतू सारखे, मिलिलिटरला सुमारे ५ लाख. रात्रभर ठेवून सकाळी बघायचं, कुठे वाढ थांबली. जोडीत लागलेली मात्रा एकट्यानं लागलेल्या मात्रेच्या किती पट, हे दोघांचं काढून बेरीज करायची. तोच एफआयसी इंडेक्स. ०.५ किंवा कमी आला तर सिनर्जी, म्हणजे दोघांनी एकमेकांचा जोर वाढवला.

माझा पहिलाच आला ०.२५. मी नाचतच माझ्या गाइड मॅडमकडे गेले.

"नुसत्या डीएमएसओची ओळ कुठंय?"

ती मी लावलीच नव्हती. वरच्या खळग्यांत डीएमएसओ १० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. नुसतं तेवढं टाकून पाहिलं, तर जंतू त्यानंच मंदावले. म्हणजे माझ्या सिनर्जीत मिरी किती आणि डीएमएसओ किती, देव जाणे! तीन आठवडे पाण्यात.

अर्क जास्त दाट करून डीएमएसओ १ टक्क्यावर आणलं, तर तो ब्रॉथमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रवात, साका धरून बसला. सगळंच गढूळ, वाढ कुठली, मिरी कुठली, कळेना. मग रेझाझुरिन घातलं. जिवंत जंतू असले की निळा रंग गुलाबी होतो. पण जंतू न घातलेल्या, नुसत्या अर्काच्या खळग्यांतही वरच्या दोन मात्रांना गुलाबी झाक आली. अर्कच रंग बदलत होता. त्या रात्री मी आईला फोन करून रडले. ती म्हणाली, "अगं, मिरीच ती, तिखट लागणारच." शेवटी संशयित खळग्यांतला थेंब थेंब अगारवर टाकून जंतू उगवतात का ते पाहायला लागले. कंटाळवाणं, पण त्यात फसवणूक नाही.

एकट्या सिप्रोची एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा, मिलिलिटरला ८ मायक्रोग्रॅम आली, अर्काची १०२४. जोडीत पहिल्या खेपेला सिप्रो २, अर्क १२८: इंडेक्स ०.३७५. दुसऱ्या खेपेला ४ आणि २५६: ०.७५. तिसऱ्या खेपेला २ आणि २५६, बरोब्बर ०.५. दुपटीच्या पायऱ्यांत एका खळग्याची चूक धरलेलीच असते, आणि तेवढ्यानं निकाल इकडचा तिकडे होतो. मला ०.७५ गाळायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

गाळला नाही. तिन्ही आकडे छापले आणि शीर्षकातला 'सिनर्जी' शब्द मॅडमनी लाल पेनानं खोडून 'परस्परपरिणाम' केला.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "अर्कातलं पायपरीनच काम करतंय कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शुद्ध पायपरीनची बाटली सबमिशननंतर चौथ्या दिवशी आली. अजून फ्रीजमध्ये आहे. आमच्या ज्युनिअरला मी आधीच सांगून ठेवलंय, डीएमएसओची ओळ पहिली लाव.