आमची वाटचाल : आठ फुटांत लोंडा

आज आम्ही घरात मावणाऱ्या छोट्या मॉडेल रेल्वेचे आराखडे करून त्या बांधून देतो, पण आमचं मूळ काम पॅटर्नचं, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात त्या नमुन्यांचं. बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्र्या वाढल्या तशी पॅटर्नमेकरला मागणी आली, आणि वडिलांनी अनगोळच्या बाजूला एक शेड घेऊन लाकडी पॅटर्न करायला सुरुवात केली. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून पॅटर्न मुळातच तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यावरच्या खुणा आकसणं धरूनच मारलेल्या असतात. मी शाळेतून आल्यावर त्या पट्टीनं सागवानावर रेघा मारायला शिकलो. वस्तू एका मापात डोळ्यांपुढे आणायची आणि दुसऱ्या मापात कापायची, हे अंगात मुरलं ते तिथेच.

पुढे संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर ॲल्युमिनियमचे पॅटर्न होऊ लागले आणि लाकडाचं काम उतरत गेलं. त्याच सुमारास एका जुन्या फाउंड्रीवाल्या गिऱ्हाइकानं मुलाच्या रेल्वेसाठी टेबल करून मागितलं. त्यांना हवी होती ८ बाय ४ची प्लायवूडची अख्खी शीट आणि खाली चार पाय. मी आधी खोली बघायला गेलो. खोली १० बाय १०ची. टेबलाचं एक टोक भिंतीला लावलं तरी हात पोचण्यासाठी तीन बाजूंनी दोन-दोन फूट वाट सोडावी लागणार, म्हणजे खोलीत दुसरं काहीच राहणार नाही. एवढं करून एचओ मापाच्या (खऱ्या रेल्वेच्या ८७ पटीनं लहान) रुळाचा एक फेरा होतो जेमतेम साडेअठरा फुटांचा. त्याऐवजी दीड फूट रुंदीची फळी चारी भिंतींना फिरवली आणि दारापाशी उचलून ठेवता येईल असा तुकडा केला, तर फेरा जवळजवळ ३० फुटांचा होतो, वळणं ऐसपैस येतात आणि खोलीचा मधला भाग मोकळा राहतो. हे कागदावर काढून दाखवलं, त्यांना पटलं, आणि आमच्या शेडमध्ये नवीन कामाचा पाया पडला.

तेव्हापासून आमचा नियम एकच आहे. जागा कमी असेल तर रूळ कमी करायचे, गाडीला आखडू द्यायचं नाही. बहुतेक लोक उलटं करतात. प्रत्येक मोकळ्या इंचावर एक सायडिंग, म्हणजे डबे उभे करायचा बाजूचा रूळ, बसवतात, वळण आवळत नेतात, आणि मग डबे एकमेकांना ढकलून रुळावरून उतरतात. आम्ही आराखड्याची सुरुवात सगळ्यात लांब डब्यापासून करतो. वळणाची त्रिज्या त्या डब्याच्या लांबीच्या निदान तिप्पट धरतो. आपल्या गाड्यांचा हल्लीचा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा. एचओ मापात तो २७० मिलिमीटर भरतो, त्रिज्या येते ८१ सेंटिमीटर. एन मापात, म्हणजे १६० पटीनं लहान, तोच डबा १४७ मिलिमीटरचा होतो आणि ४४ सेंटिमीटरमध्ये काम भागतं. कुठलं माप घ्यायचं हे आवडीपेक्षा या हिशेबावर ठरतं.

सगळ्यात मन लावून केलेलं काम खानापूरच्या एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांचं. आम्ही त्यांना काका म्हणतो. माडीवर एकच भिंत मोकळी, आठ फुटांची. त्यांची मागणी मोठी होती, गोव्याच्या रेल्वेमार्गावरचं सगळंच. लोंडा जंक्शन पाहिजे, कॅसलरॉक पाहिजे, खाली दूधसागर पाहिजे.

मी म्हटलं, “काका, कॅसलरॉकखालच्या ब्रॅगेन्झा घाटाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर. एन मापात एक रूळ दुसऱ्याच्या वरून न्यायला साडेचार सेंटिमीटर उंची लागते. ती ३७ला १नं चढायची तर १६६ सेंटिमीटरच्या वर जातात. तुमची अख्खी भिंत २४४ची.”

“मग तूच सांग बाबा, काय ठेवायचं.”

“लोंड्याला ड्युटी असताना तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडायचं?”

ते म्हणाले, “शंटिंग.” आणि मालगाडी कशी तोडायची, कुठला डबा आधी काढायचा, हे हातवारे करत बराच वेळ सांगत राहिले. तिथेच आराखडा ठरला. घाट गाळला, धबधबा गाळला, लोंड्याचं कॅसलरॉककडचं फक्त एक तोंड घेतलं.

९६ इंच आम्ही असे वाटले. जुन्या आयसीएफ बनावटीची पाच डब्यांची गाडी आणि एक डिझेल इंजिन मिळून एन मापात ८१ सेंटिमीटर होतात, म्हणून फलाटाला ३३ इंच. फलाटाच्या टोकाला इंजिन सुटून बाजूच्या रुळावर जायला ५ इंच. सांध्यांना, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांना, २२. उरलेले ३६ इंच झाडीच्या टेकडीमागे लपवले. गाडी तिथे जाऊन थांबते, म्हणजे ती गोव्याकडे गेली. खऱ्या २४ डब्यांच्या गाडीचा फलाट करायचा तर एन मापातसुद्धा ११ फूट लागले असते. पाच डबे डोळ्याला पुरतात, हे काकांनीच फलाटावर रिकामे खोके मांडून बघितलं आणि मान्य केलं.

फलाटासमोर शंटिंगची तीन सायडिंग, एकात पाच वाघिणी (मालगाडीचे डबे), दोनांत तीन-तीन. ही मांडणी ब्रिटनच्या ॲलन राइट यांची. आठ वाघिणींमधून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि चिठ्ठीत आल्या त्याच क्रमानं गाडी लावायची. क्रम ६,७२० निघतात. दोन सांधे आणि एक इंजिन एवढ्यावर काका रोज संध्याकाळी रमतात.

सायडिंगची लांबी सांध्याच्या टोकापासून मोजायची नसते. सांध्यापुढे दोन रूळ फाकत जातात तिथे आम्ही दोन्ही रुळांवर एकेक डबा उभा करतो आणि एक हळूहळू मागे सरकवतो. दोघांच्या मध्ये बोट मावलं की खडूची रेघ मारतो. उभ्या डब्याला धक्का लागू न देता शेजारून गाडी जाते ती या रेघेच्या पुढेच, म्हणून सायडिंग इथून सुरू होतं असं धरायचं. आधी हे सगळं तपकिरी कागदावर होतं. सांध्यांच्या मूळ मापाच्या झेरॉक्स काढून कागदावर चिकटवतो, कागद जमिनीवर पसरतो आणि गिऱ्हाइकाला गुडघ्यावर बसून डबे ढकलायला लावतो. रूळ खरेदी करायचे ते यानंतर.

उलट्या दिशेची दोन वळणं लागून आली तर मध्ये एका डब्याएवढा सरळ रूळ हवाच. हात पोचतो अडीच फूट, त्यापलीकडे सांधा ठेवायचा नाही.

आपल्याकडच्या पावसाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. बेळगाव-खानापूर पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं. लाकूड फुगतं आणि मार्चमध्ये परत आकसतं, रूळ मात्र तेवढाच राहतो आणि बाजूला वाकतो. पॅटर्नचं लाकूड वर्षानुवर्षं हाताळल्यामुळे हे आम्हाला नवीन नव्हतं. चौकट आम्ही मरीन प्लायच्या उभ्या पट्ट्यांची करतो आणि जोडण्याआधी प्रत्येक पट्टीच्या सगळ्या कडांना सीलर मारतो, खालच्या न दिसणाऱ्या बाजूलासुद्धा. रूळ पितळी नको, निकेल सिल्व्हरचे घ्या असं आग्रहानं सांगतो. पितळेवर लवकर थर चढतो आणि वीज अडते.

आज शेडमध्ये अर्धं काम फाउंड्रीचं आणि अर्धं रेल्वेचं आहे. वडिलांच्या वेळचे कन्नड मिस्त्री अजून सांध्यांची छिद्रं स्वतः पाडतात, दुसऱ्या कुणाला ड्रिल देत नाहीत. कोल्हापूर, हुबळी, मडगावहून लोक येतात. आराखड्याचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि काम दिलं तर बिलातून वजा करतो.

येताना खोलीचं माप आणाच, पण दार कुठल्या बाजूला उघडतं, खिडकीची खालची कड जमिनीपासून किती उंच आहे आणि स्विचबोर्ड कुठे आहे, हेही लिहून आणा. आणि सगळ्यात लांब डबा सोबत आणायला विसरू नका.