एक बाही राहिली

किलोच्या भावाने पुस्तकं विकतात त्या प्रदर्शनाला मी दर वर्षी ‘यंदा नुसतं बघून यायचं’ असं ठरवून जाते आणि दोन पिशव्या भरून घेऊन येते. अशाच एका खेपेला काटा दोन किलोच्या जरा अलीकडे अडला. काट्यावरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, टाका अजून एखादं, दोन किलो होऊन जातील.” हाताशी होतं ते उचलून टाकलं. मुखपृष्ठावर जंगल, धुकं, मोकळ्या केसांची मुलगी. असली मुखपृष्ठं पाहून मी एरवी नाक मुरडते. त्या दिवशी भाजीवर कोथिंबीर घ्यावी तसं ते घेतलं.

ती कोथिंबीर मला पुढे दोन वर्षं पुरली. ज्युलिएट मॅरिलिअर या लेखिकेच्या ‘सेव्हनवॉटर्स’ मालिकेतलं ते पहिलं पुस्तक, ‘डॉटर ऑफ द फॉरेस्ट’, १९९९ सालचं. पुढची दोन २००० आणि २००१ मध्ये आली, आणि मग वाचकांनीही सोडलं नाही की बाईंनाही राहवलं नाही कोण जाणे, २००८, २०१० आणि २०१२ मध्ये आणखी तीन. बाईंचा जन्म न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा, मुक्काम पश्चिम ऑस्ट्रेलियात, आणि मन नवव्या शतकातल्या आयर्लंडच्या जंगलात. ड्युनेडिन हे नाव म्हणजे स्कॉटलंडच्या एडिंबरोचंच गेलिक, म्हणजे आयरिशच्या बहिणीसारख्या भाषेतलं, रूप, हे कळल्यावर मला त्या मनाचा पत्ता जरा समजल्यासारखा वाटला.

गोष्ट सांगायला सोपी आहे. सहा भावांच्या पाठीवर एक बहीण, सोर्खा. आई नाही. वडील एका जंगलाचे सरदार, सदा लढाईत. त्यांनी दुसरं लग्न केलं आणि घरात आलेल्या चेटकिणीने सहाही भावांचे हंस करून टाकले. आता बहिणीने एका काटेरी वनस्पतीचं सूत काढायचं, त्याचं कापड विणायचं, सहा सदरे शिवायचे आणि सहावा सदरा सहाव्या भावाच्या अंगावर चढेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. काढला तर भाऊ कायमचे हंस.

वाचता वाचता मी मनात म्हटलं, अगं, हा तर वसा! ‘उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस.’ श्रावणात आजी तांदळाचे दाणे हातात देऊन कहाणी ऐकायला बसवायची, तेव्हा मला तो देवीचा दम अगदी अन्यायाचा वाटे. बिचारीने एकदा काय ती चूक केली, तर लगेच राज्य गेलं, मुलं गेली, अंगावरची वस्त्रं गेली! पण त्या दमामुळेच कान टवकारलेले असायचे. सोर्खाची गोष्ट वाचताना तसेच कान टवकारले गेले. आत्ता ही किंचाळणार, आत्ता हिच्या तोंडून नाव जाणार. आणि किंचाळावं असे प्रसंग लेखिकेने तिच्यावर आणलेत. एक तर इतका क्रूर आहे की ते प्रकरण मी मिटून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी उजेडी वाचलं. परीकथा म्हणून कुणी लहान मुलांच्या हाती देऊ नये, म्हणून हे सांगितलं.

मूळ गोष्ट ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात आहे. तिथे सहा भाऊ, सहा वर्षं आणि चांदणीसारख्या फुलांचे सहा सदरे. अँडरसनने १८३८ मध्ये भावांची संख्या अकरावर नेली आणि फुलांऐवजी स्मशानात उगवलेली नेटल आणली. नेटल म्हणजे आपल्या खाजकुइलीची लांबची वैरीण म्हणा. खाजकुइलीची कुसळं शेंगेवर असतात, नेटलची पानांवर आणि देठांवर. प्रत्येक केस म्हणजे एक बारीकशी काचेची सुई. धक्का लागला की टोक तुटतं आणि आतलं विष कातडीत टोचलं जातं. मी कॉलेजात असताना एका किल्ल्याच्या वाटेवर खाजकुइलीच्या वेलात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. वाडीतल्या मावशींनी शेण चोळायला सांगितलं. तेव्हा नाक मुरडायची ताकदही उरली नव्हती, चोळलं. त्या हातांनी सूत कातायचं, ही कल्पना मला वाचताना प्रत्यक्ष कोपरात जाणवली.

गंमत म्हणजे नेटलचं कापड ही काही परीकथेतली थाप नाही. नेपाळात डोंगरातल्या बायका ‘अल्लो’ नावाच्या तसल्याच झाडाची साल काढून, राखेत उकळून, धुऊन, वाळवून धागा काढतात. त्याचे सदरेही होतात. मॅरिलिअरबाईंनी मात्र नेटल सोडून ‘स्टारवर्ट’ घेतलं. मी उत्साहाने शोधायला गेले तर खऱ्या स्टारवर्टला पांढरीशी चिमुकली फुलं आणि काटा औषधालाही नाही. म्हणजे नाव खरं, काटे बाईंच्या पदरचे. ते मी त्यांना माफ करून टाकलं, कारण पुढचं सगळं काम त्यांनी खरं दाखवलंय. झाड तोडणं, तंतू सोडवणं, टकळीवर सूत काढताना सुजलेल्या बोटांतून धागा निसटणं, रात्री हात पाण्यात धरून बसणं. किती सदरे झाले, किती राहिले, याचा हिशेब मी तिच्याबरोबर ठेवत होते.

आणि प्रेमकथा. प्रेमकथांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे की दोघांनी एकदा शेजारी बसून नीट बोलून घेतलं असतं तर पुस्तक चाळिसाव्या पानावर संपलं असतं. इथे ती तक्रार करायची सोयच ठेवलेली नाही. नायक समुद्रापलीकडचा, शत्रूच्या गोटातला ब्रिटन सरदार. तिला तो घरी घेऊन येतो, पण ही कोण, कुठली, हाताची अशी दैना करून काय शिवत बसते, यातलं त्याला काहीच कळत नाही. ती सांगू शकत नाही. मग त्याला बघावं लागतं. मान कशी हलली, डोळे कुठे गेले, कशाने दचकली. नायिकेकडे इतकं लक्ष देऊन बघणारा नायक मी पुष्कळ दिवसांनी वाचला. भरभरून बोलणाऱ्या नायिकांच्या नशिबी तो क्वचित येतो.

तरी हे सगळं आयरिश कुठे आहे, असा मला प्रश्न होता. कथानक तर जर्मन. त्याचं उत्तर मला माझ्या धाकट्या भावामुळे मिळालं. तो डब्लिनला नोकरीला आहे. त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्याने मला शहरातल्या एका स्मृतिउद्यानात नेलं. १९१६ च्या ईस्टरच्या उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९६६ मध्ये, आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी मेलेल्यांच्या आठवणीसाठी केलेली ती बाग. क्रूसाच्या आकाराचं उथळ पाणी, तळाला निळ्याहिरव्या फरशीच्या तुकड्यांत मोडक्या तलवारी आणि ढाली. लढाई संपली की शस्त्रं मोडून पाण्यात टाकायची, असा जुना केल्टिक रिवाज. आणि पाण्याच्या टोकाला ऑशीन केली या शिल्पकाराचं ब्राँझ, १९७१ मध्ये बसवलेलं. खाली कोसळणारी चार मुलं आणि त्यांच्यातूनच वर उठणारे चार हंस. मान उंच करून बघताना मूल कुठे संपलं आणि पंख कुठे सुरू झाला ते मला ठरवता येईना.

ही आयरिश दंतकथेतली लीरची मुलं. फिनूला आणि तिचे तीन भाऊ. सावत्र आईने चौघांनाही हंस केलं. तीनशे वर्षं एका तळ्यावर, तीनशे वर्षं आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या गारठलेल्या समुद्रात, तीनशे वर्षं पश्चिमेच्या एका बेटापाशी. नऊशे वर्षं! थंडीत फिनूला भावांना आपल्या पंखांखाली घ्यायची. यात सदरा नाही, सूत नाही, सुटकेचं व्रत नाही. नुसतं थांबणं. शेवटी शाप उतरतो आणि पिसं गळतात, तर आतून चार जराजर्जर म्हातारी माणसं निघतात आणि थोड्याच वेळात मरतात.

तिथे उभी असताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. लीरच्या मुलांचं माणूसपण गेलं, पण वाचा शिल्लक राहिली. ते हंस बोलतात, गातात, आणि ते गाणं ऐकायला लोक तळ्याकाठी येऊन बसतात. जर्मन गोष्टीत उलट. बहीण माणूसच राहते, पण तिची वाचा जाते. मॅरिलिअरबाईंनी आयर्लंडच्या तळ्यावर जर्मन बहीण आणून बसवली, आणि मला तरी जोड दिसला नाही.

भाऊ मात्र तोवर कंटाळला होता. त्याला तिथल्या नावांचा फार राग आहे. ऑफिसात एका मुलीचं नाव एन, आय, ए, एम, एच असं लिहितात आणि उच्चारतात ‘नीव’. टेकड्यांच्या पोटात, जमिनीखाली राहणाऱ्या त्यांच्या दैवी लोकांना एस, आय, डी, एच, ई लिहायचं आणि म्हणायचं ‘शी’. “देवमाणसांना कुणी शी म्हणतं का, ताई?” पण त्या ‘शी’ लोकांचा धाक अजून आहे. क्लेअर परगण्यात हॉथॉर्नचं एक एकटं झुडूप मोठ्या रस्त्याच्या कामात जाणार होतं. तिथल्या एका कथेकऱ्याने आवाज उठवला की ते त्यांचं झाड आहे, हात लावाल तर रस्त्यावर अपघात होतील. झाड राहिलं, रस्ता त्याला वळसा घालून गेला. साल १९९९. म्हणजे ज्या वर्षी हे पुस्तक निघालं त्याच वर्षी. पिंपळावरच्या मुंज्याची भीड ठेवणाऱ्या मुलुखातून आलेल्या मला यात नवल वाटलं नाही. फक्त आपल्याकडचा कंत्राटदार इतकं ऐकतो का, एवढं मनात आलं.

पण मी हे सगळं लिहायला बसले ते यासाठी नाही. बसले ते बाहीसाठी.

शेवट फोडते आहे असं वाटत असेल तर तो ग्रिम बंधूंनीच दोनशे वर्षांपूर्वी फोडून ठेवलाय. सहाव्या सदऱ्याची डावी बाही राहते. वेळ संपते, सदरे हंसांवर टाकावे लागतात, सगळे भाऊ माणसं होतात, आणि धाकट्याच्या डाव्या हाताच्या जागी हंसाचा पंख राहतो. ग्रिमच्या गोष्टीत ते एका वाक्यात उरकतं, पुढे सगळे सुखाने नांदतात. त्या पंखाचं पुढे काय झालं, तो जेवायचा कसा, कुशीवर झोपायचा कसा, कुणी विचारत नाही. मॅरिलिअरबाईंनी विचारलं. त्यांनी तो पंख धाकट्याला न देता फिनबारला दिला, भावांमधल्या सगळ्यात हळव्या, दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येणाऱ्या भावाला, आणि पुढच्या पुस्तकांमध्ये तो त्याला घेऊन वावरतो. माणसांत बसवत नाही, आकाशात जाता येत नाही.

आपल्या कहाण्या ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होतात. मला ते दोन शब्द कायम एकच वाटत आले होते, सुफळसंपूर्ण. फिनबारच्या पंखापाशी ते पहिल्यांदा सुटे झाले. सुफळ झालं खरं, संपूर्ण झालं नाही.

माझ्या नाशिकच्या आत्याकडे एक लोखंडी ट्रंक आहे. आत डांबराच्या गोळ्या, जुन्या शालजोड्या आणि तळाशी एक बाटलीहिरवा स्वेटर. आत्या दर हिवाळ्याला आम्हा सगळ्या भावंडांचे स्वेटर विणायची. (गोष्टीला शोभावं म्हणून सहा भावंडं म्हणायचा मोह होतोय, पण आम्ही पाच.) पाठ वेगळी, पुढचा भाग वेगळा, बाह्या वेगळ्या, मग सगळं जोडायचं. हा हिरवा माझ्या भावाचा. तो आठ वर्षांचा होता तेव्हाचा. खांदे जोडलेले, गळा झालेला, एक बाही पूर्ण होऊन सुटी ठेवलेली, आणि दुसरी बाही मनगटापासून चार बोटं होऊन सुईवरच. दोन सुलट, दोन उलट. सुईवर अडतीस टाके, मी मोजले. सुई काढली असती तर सगळं उसवत गेलं असतं, एवढं मलाही कळतं.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेले होते तेव्हा मी तो बाहेर काढला आणि भावाला व्हिडिओ कॉल लावला. पंखाची गोष्ट त्याला डब्लिनमध्ये ऐकवून झालेलीच होती. आत्याला ती मी परत सांगितली, बरीच रंगवून. तिचे डोळे त्या सुमारास अधू झाले असतील, किंवा काकांचं आजारपण निघालं असेल आणि ती बाही तशीच राहिली असेल, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. तसं सुचवूनही पाहिलं.

“ताई, डावी राहिली की उजवी?” भावाने विचारलं.

“शिवली नाही तोवर बाहीला कसलं आलंय डावं-उजवं,” आत्या म्हणाली. “आणि डोळेबिळे काही नाही. लोकर संपली. दुकानदाराने दुसऱ्या लॉटची दिली, किंचित उजळ होती. मी तसली लावत नाही.” मग तिने फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याजवळ तोंड नेऊन त्याला म्हणाली, “तुझ्याकडे मेंढ्या पुष्कळ म्हणे. दोन गुंडे बघ तिकडे. नमुन्याला धागा पाठवते.”

“आत्या, तो आठ वर्षांच्या मुलाचा स्वेटर आहे,” भाऊ म्हणाला.

“ठाऊक आहे मला,” आत्या म्हणाली. “मापं माझ्याच वहीत आहेत.”