तुम्ही विचारलंत म्हणून: घर गेलेल्या माणसाला मी काय सांगते?

गोव्यात समुपदेशन शिकवते आणि आपत्तीनंतर लोकांत जाऊन काम करते, हे कळलं की लग्नाच्या मांडवातही कुणीतरी विचारतं, "ज्याचं घर गेलं, माणूस गेलं, त्याला तुम्ही काय सांगता हो?" माझे विद्यार्थीही पहिल्याच आठवड्यात वही उघडून हेच विचारतात.

पहिल्या दिवशी मी जवळजवळ काहीच सांगत नाही. पाणी प्यालात का, रोजची गोळी आहे की वाहून गेली, घरचं कुणी सापडायचं राहिलंय का, एवढंच विचारते.

हे मी किल्लारीत चूक करून शिकले. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते, आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्यावर कोसळल्या. मी पुण्यात एम.ए. करत होते, स्वयंसेवकांबरोबर गेले. बोलून टाकलं की मन मोकळं होतं, एवढंच डोक्यात. एका आजोबांसमोर बसून म्हटलं, "काय झालं ते सगळं सांगा." त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांचे हात थरथरत होते आणि मी लिहून घेत होते. संध्याकाळी दुसऱ्या कुणीतरी तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी माझी वही दिसताच ते उठून पत्र्याच्या शेडमागे गेले. ती पाठ मला अजून दिसते.

तेव्हा अनेक देशांत हीच रीत होती: लगेच बसवायचं, प्रसंग तपशीलवार वदवून घ्यायचा. पुढे अभ्यासांतून दिसलं की अशा एका बैठकीनं नंतरचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही आता हे करू नका म्हणते. मानसिक प्रथमोपचाराची तिची २०११ ची पुस्तिका तीन गोष्टींवर उभी आहे: पाहा, ऐका, आणि आपल्या माणसांशी, मदतीशी जोडून द्या.

लोकांना तिसरी गोष्ट किरकोळ वाटते. मला तीच सगळ्यात मोठी वाटते. जुलै २०२१ मध्ये गोव्यात म्हादई नदीला पूर आला आणि सत्तरी तालुक्यात मातीची घरं बसली. एक बाई चिखलात उभी होती, मागे अर्धी भिंत. येणारा जाणारा तिला "जीव वाचला ना, देवाची कृपा" म्हणत होता. या वाक्याचा मला फार राग येतो. समोरच्याला गप्प करण्याशिवाय ते काही करत नाही. ती मला म्हणाली, "बाय, चवथीक गणपती खंय बसोवचो?" म्हणजे चतुर्थीला गणपती कुठे बसवायचा? दरवर्षी ज्या खोलीत माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांची चौकट, बांधायची, तीच खोली गेली होती. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाळपईच्या दिराला फोन लागेपर्यंत तिच्याजवळ थांबले. मग तलाठी पंचनाम्याला आले, तेव्हा शेजारी उभी राहिले. कागदावर सही करताना तिचा हात धरावा लागला.

पाऊस वाजला की दचकणं, झोप न लागणं हे पहिले काही आठवडे बहुतेकांना होतं. ते वेड नव्हे. महिना उलटूनही तसंच राहिलं, जेवण आणि काम सुटलं, तर गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत न्या. जीव द्यायची भाषा आली तर मात्र एक दिवसही थांबू नका. २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांकही आहे, रात्री-अपरात्री लावता येतो.

सप्टेंबरात चवथीला मी त्या बाईकडे गेले. पत्र्याखाली गणपती बसला होता. माटोळी लहान होती, पण सुपारीचा घोस होता, चिबूड होता, नारळांचा घड दिरानं आणला होता. माझ्यापुढे नेवऱ्या ठेवून ती बाजूला बसली आणि त्या सकाळी पाणी उंबऱ्यापर्यंत कसं आलं, गाय कशी सोडली, सासूला कसं उचललं, हे सांगू लागली. मी विचारलं नव्हतं. आरती सुरू होईपर्यंत ती बोलत होती.